मामाचं बीड

आमच्या माळव्यात गवताच्या राखलेल्या रानाला बीड म्हणतात. पुण्या-नागपूरकडचे पाहुणे इंदूरला घरी आले आणि बोलण्याच्या ओघात मी म्हटलं, ‘मामाचं चाळीस बिघ्यांचं बीड होतं,’ तर त्यांना आधी मराठवाड्यातला जिल्हा आठवतो. मग मी ‘कुरण’ म्हणते. त्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे मोकळी चरणारी गुरं येतात, आणि मला पुन्हा सांगावं लागतं की मामाच्या बिडात आषाढापासून दिवाळीपर्यंत एक वासरूसुद्धा शिरत नसे. कुरण राखायचं असतं. ते कधी उघडायचं याचे दिवस ठरलेले असतात. वर्तमानपत्रात ‘भ्रष्टाचाराचं चराऊ कुरण’ असं छापलेलं वाचते तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. ज्या शब्दात धीर धरणं होतं, तोच शब्द आपण हावरटपणासाठी वापरून टाकला.

मामाचं गाव धार जिल्ह्यात, सरदारपूरच्या अलीकडे. सहामाही परीक्षा संपली की रामबागेतल्या घरून आम्ही गंगवाल स्टँडवर जायचो आणि दुपारच्या बसने निघायचो. पाडवा झाला की बीड कापायला सुरुवात व्हायची. तोवर गवत वाळून तांबूस सोनेरी झालेलं असे, माझ्या खांद्यापर्यंत यायचं. झाबुआच्या बाजूची कुटुंबं कापणीला येत. ओळीने बसत, डाव्या हाताच्या मुठीत गवत धरत आणि विळा जमिनीपासून चार बोटं वर चालवत. मामा मागून फिरत एवढंच म्हणायचा, ‘बूड राहू द्या, बूड राहू द्या.’ पेंढीला तिकडे पुळा म्हणतात. संध्याकाळी पुळे मोजले जात, गाडीत भरले जात आणि घरामागे गंजी रचली जाई. त्या गंजीच्या उबेत बसून खाल्लेल्या चकल्यांची चव मला अजून आठवते. गवताला वास असतो, आणि चाळीस बिघ्यांचं गवत एकाच आठवड्यात कापलं की तो वास अंगावरच्या कपड्यांना इंदूरपर्यंत सोबत करतो.

बिडाच्या पश्चिमेला बिनचुन्याचा, नुसत्या दगडांवर दगड रचलेला कमरेएवढा बांध होता. त्याच्या पलीकडे गावाची चरनोई, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला गायरान म्हणतात ते. उतार तोच, माती तीच, पाऊस तोच. पण पलीकडे खांद्याएवढं काहीच नव्हतं. बोटभर उंचीची हिरवट चटई, मधूनमधून उघडे पडलेले दगड, टाकळ्याचे वाळके दांडे आणि शेळ्यांनी कातरून गोल केलेली बोरीची झुडपं. बांधावर उभं राहिलं की डावा डोळा एका देशात आणि उजवा दुसऱ्या देशात असल्यासारखं वाटायचं. मी मामाला विचारलं होतं, असं का? तो म्हणाला, ‘ते सगळ्यांचं आहे म्हणून.’ दहा वर्षांच्या मुलीला ते उत्तर पटलं. पुढची तीस वर्षं ते मला पटतच राहिलं, याची आज खंत वाटते.

पुढे मी वनस्पतिशास्त्र घेतलं आणि एम. एस्सी.च्या प्रबंधासाठी त्याच बांधाच्या दोन्ही बाजूंना बसले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट. ती जमिनीवर टाकायची आणि आत काय काय उगवलंय ते मोजायचं. वरून एकसारखं दिसणारं गवत गुडघे टेकून पाहिलं की वेगवेगळं होत जातं. मामाच्या बाजूला शेडा होता. शास्त्रात त्याला सेहिमा म्हणतात. उभा, झुपक्याने वाढणारा, बारीक पात्यांचा, जनावरांना प्रिय. सखल, ओलसर जागी मारवेल, म्हणजे शास्त्रातलं डायकँथियम, होतं, ज्याच्या कांड्यांवर पांढऱ्या केसांची कंकणं असतात. झाशीला १९६२ साली भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था सुरू झाली. पुढे १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातल्या गवताळ भागांचे पाच गट पाडले, त्यातल्या एकाचं नावच या दोन गवतांवरून आहे, सेहिमा-डायकँथियम. माळवा आणि दख्खन दोन्ही त्याच गटात येतात. होळकरांच्या फौजेतली घोडी नर्मदा ओलांडून इकडे आली तेव्हा त्यांना चारा ओळखीचाच लागला असणार, हा विचार मला तेव्हा फार आवडला होता.

शेड्याच्या जोडीला कुसळी होती. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ’ आपण सगळे म्हणतो, पण कुसळीचं कुसळ नीट पाहिलेलं फार थोड्यांनी. बियाण्याला मागे लांब, काळपट, पीळ घातलेली शेपटी असते आणि पुढे सुईसारखं टोक. हवेत ओल वाढली की पीळ उलगडतो, कोरडं झालं की पुन्हा बसतो, आणि या उलगडण्या-वळण्यात बी गिरमिटासारखं मातीत शिरत जातं. मातीऐवजी मोजा मिळाला तर मोज्यात, मेंढी मिळाली तर लोकरीतून कातड्यात. कोवळी असताना गुरं कुसळी खातात. कुसळं धरली की तोंड फिरवतात. म्हणूनच बेताबाताच्या चराईत शेडा कमी होतो आणि कुसळी त्याची जागा घेते.

बांधाच्या पलीकडे चौकट टाकली की शेडा जवळजवळ सापडतच नसे. कुसळीही थोडीच. तिथे जमिनीला चिकटून पसरणारी हरळी, तीन कुसळांचं अरिस्टिडा, आणि ज्याला कोणतंच जनावर तोंड लावत नाही तो टाकळा. १९४९ साली डिक्स्टरहुइस नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने चराईच्या जमिनीतल्या वनस्पतींची तीन भागांत वाटणी केली होती: चराई वाढली की घटणाऱ्या, वाढणाऱ्या आणि बाहेरून घुसणाऱ्या. शेडा घटणारा, कुसळी आधी वाढणारी आणि जुलूम फारच झाला तर तीही घटणारी, टाकळा घुसणारा. इतकी स्वच्छ उदाहरणं समोर उगवलेली पाहून माझ्या मार्गदर्शक सरांना आणि मलाही फार आनंद झाला होता.

असं का होतं, हे समजायला गवताच्या अंगाची रचना समजावी लागते. वडाचं टोक खुडलं तर फांदी खुंटते, पण गवताचा वाढीचा कोंब बुडाशी, मातीजवळ असतो. वरून पातं खाल्लं तरी खालून नवीन पातं सरकत येतं. गवत चरलं जाण्यासाठीच घडलेलं आहे असं म्हणावंसं वाटतं, आणि त्यात बरंच तथ्यही आहे. अडचण पुढे येते. फुलोऱ्याची वेळ आली की शेड्यासारख्या उभ्या गवताचा कोंब दांड्याबरोबर वर चढतो. त्या दिवसांत गाईने एक घास घेतला तर तो दांडा संपला, त्याच्यावरचं बी संपलं. हरळीचा कोंब मात्र आडव्या दांड्यात, जमिनीलगत लपलेला. गाईची जीभ तिथे पोचत नाही. मेंढीचे ओठ पोचतात, पण तेही जेमतेम. शेवटी कोण टिकणार ते चव ठरवत नाही, उंची ठरवते.

आणि मुळं. वरचा पाला कापला की खाली काय होतं ते १९५५ साली क्रायडर या शास्त्रज्ञाने काळजीपूर्वक पाहिलं होतं. अर्ध्यापर्यंत पाला काढला तर मुळांची वाढ जवळपास तशीच चालू राहिली. ऐंशी टक्के काढला तेव्हा मुळं वाढायची पूर्ण थांबली, काही दिवस थांबूनच राहिली. मामाचं ‘बूड राहू द्या’ मला त्या तक्त्यात पुन्हा ऐकू आलं. तो दहावी नापास होता आणि त्याला क्रायडर माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच वर्षी ग्रंथालयात मला कळलं की मामाच्या बिडाला शास्त्रात नाव आहे. आर्थर सॅम्पसन नावाच्या माणसाने ओरेगॉनमधल्या वॅलोवा डोंगरात मेंढ्यांच्या कुरणांवर काम केलं आणि १९१३ साली ते प्रसिद्ध केलं. त्याने सांगितलं, की सगळं रान हंगामभर उघडं ठेवू नका. एक भाग बी पिकेपर्यंत बंद ठेवा. बी पिकलं की मग जनावरं सोडा. ती वाळलेलं गवत खातील आणि खुरांनी बी मातीत दाबतील. पुढे पाळीने दुसरा भाग राखा. मी ते पान वाचून तशीच बसून राहिले. आषाढात बंद, दिवाळीला कापणी, आणि कापल्यावर उरलेल्या खुंटांवर मार्गशीर्षात मामाची गुरं सोडलेली. माझ्या आजोळी जे पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं, ते एका परक्या डोंगरात कुणीतरी मेंढ्यांच्या मागे फिरून नव्याने शोधलं होतं. मला दोघांचाही अभिमान वाटला.

सॅम्पसननंतर अमेरिकेत अशा पद्धतींची रीघच लागली. त्यातली लिओ मेरिलची टेक्सासमधली १९४९ ची पद्धत मला सर्वांत शहाणी वाटते: कळप तीन, कुरणं चार, प्रत्येक कुरण बारा महिने चरलं की चार महिने मोकळं. फ्रान्समध्ये आंद्रे व्हॉइसाँने गवताची विश्रांती घड्याळावर न ठेवता गवताच्या वाढीवर ठेवायला सांगितलं. वाढ जोरात तेव्हा विश्रांती छोटी, मंद तेव्हा मोठी. पण व्हॉइसाँची गवतं नॉर्मंडीतली होती, जिथे वर्षातले बहुतेक महिने काही ना काही भुरभुरत असतं. आपलं तसं नाही, आणि हे विसरलं की पुढचं सगळंच चुकतं.

चार वर्षांपूर्वी धाकट्या मामेभावाचा फोन आला. मामा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. चाळीस बिघ्यांतले पंचवीस सोयाबीनखाली गेले होते, माळव्यातल्या कितीतरी बिडांचं गेल्या पन्नास वर्षांत झालं तसंच. पंधरा उरले होते. ‘ताई, तू येच. मी सोलरचं कुंपण घेतलंय.’ आवाजात लहानपणीचा उत्साह होता. त्याने अ‍ॅलन सेव्हरीचं २०१३ चं भाषण पाहिलं होतं. सेव्हरी ऱ्होडेशियातला, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतला. त्याचं म्हणणं असं, की वाळवंट वाढतं ते जनावरांमुळे नव्हे, ती चुकीच्या रीतीने चरल्यामुळे. पूर्वी शिकारी प्राण्यांच्या भीतीने कळप दाटीने चालत, जमीन तुडवत, शेण टाकत आणि पुढे निघून जात. तसेच दाट कळप पुन्हा फिरवा, रान हिरवं होईल. या माणसाने तरुणपणी उलट मानून हत्ती कमी करण्याची शिफारस केली होती आणि चाळीस हजार हत्ती मारले गेले, हे तो स्वतःच त्या भाषणात सांगतो. अशा दुःखातून आलेलं मत खोडायला मला जड जातं. पण मामेभावाने पंधरा बिघ्यांचे बारा तुकडे केले होते, आणि तो श्रावणात दर तीन दिवसांनी तीस जनावरं एका तुकड्यातून दुसऱ्यात हलवत होता. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला.

‘अरे, मामा श्रावणात आत वासरू सोडत नव्हता.’

‘ताई, ती जुनी पद्धत. ही सायंटिफिक आहे.’

मी त्याला रात्री जेवणानंतर सगळं सांगितलं. २००८ साली ब्रिस्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या रानांवरचे प्रयोग एकत्र मांडून पाहिले. गवताचं उत्पादन मोजलेल्या २३ प्रयोगांपैकी २० मध्ये, सलग चरलेल्या रानाचं उत्पादन फिरत्या चराईच्या रानाइतकंच किंवा त्याहून जास्त निघालं. म्हणजे आज या चौकोनात, उद्या त्या चौकोनात या फिरवाफिरवीने रानाला जे मिळेल असं वाटतं, ते बहुतेक ठिकाणी मोजल्यावर सापडत नाही. सापडतं ते दुसरंच: एकूण तोंडं किती आहेत. कुंपणं कशीही फिरवा, खाणारी तोंडं गवताच्या ऐपतीबाहेर असली तर रान खालीच जातं.

तो म्हणाला, प्रयोगवाले ठरल्या तारखेला जनावरं हलवतात, खरा गोपालक गवत बघून हलवतो. हा आक्षेप चुकीचा नाही, अनेक जाणत्यांनी तो घेतलेला आहे. म्हणून २०१४ पासून कोलोरॅडोत पशुपालक, निसर्गरक्षक आणि सरकारी जमिनी सांभाळणारे अधिकारी अशा अकरा जणांना एकत्र बसवून, त्यांनी गवत बघून ठरवायचं आणि त्याप्रमाणे कळप हलवायचा, असा मोठा प्रयोग सुरू झाला. पहिल्या काही वर्षांत फिरत्या कळपातल्या बैलांचं वजन सलग चरणाऱ्यांपेक्षा कमीच भरलं आणि गवतातही सुधारणा दिसली नाही. दाटीत जनावराला निवडून खायला मिळत नाही, पुढ्यात येईल ते खावं लागतं.

पण मला त्याला सांगायचं होतं ते याहून जवळचं होतं. आपल्याकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शेडा मृगानंतर फुटतो आणि भाद्रपदाच्या अखेरीस बी धरतो. शंभर दिवस. वर्षभराची मुळं, वर्षभराचा साठा, पुढच्या पिढीचं बी, सगळं त्या शंभर दिवसांत. नंतरचे नऊ महिने ते झोपलेलं असतं आणि झोपलेलं गवत चरलं तर त्याचं फारसं बिघडत नाही. त्यामुळे माळव्यात पौषात किती तुकडे केले नि किती दिवसांनी हलवले, याला महत्त्वच नाही. आणि श्रावणात काळी माती अशी होते की माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. तिथे तीस जनावरांची दाटी केली तर खुरं बी पेरत नाहीत, माती चेपतात. त्या खळग्यांत पाणी साचतं आणि नंतर ती जागा विटेसारखी कडक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिसऱ्या तुकड्यात गेलो. मी काहीच बोलले नाही. तो खाली वाकून खुराच्या खळग्यात बोट घालून बराच वेळ बसला होता.

राखून चरण्यालाही किंमत मोजावी लागते, हेही मला त्याला सांगावं लागलं. श्रावणातलं गवत सकस असतं. कार्तिकात वाळलेल्या गवतात प्रथिनं निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली, शेकडा तीन-चारांवर आलेली असतात. मामाच्या गंजीवर गाय जगायची, दूध मात्र सरकी-ढेपेवर द्यायची. भाद्रपदात फुलोऱ्यात कापलं तर चारा उत्तम, पण तेव्हा वाळवायला ऊन कुठे आहे? दिवाळीचा मुहूर्त पंचांगाने दिलेला नाही, उन्हाने दिलेला आहे.

त्याच मुक्कामात मी गावच्या गुराख्यांना भेटायला चरनोईवर गेले. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे वडीलही गावाची गुरं वळायचे. मी बांधावर बसून त्यांना माझी जुनी चौकट कुठे कुठे टाकली होती ते दाखवत होते. इकडे शेडा, तिकडे टाकळा. एकीकडे राखण होती, दुसरीकडे नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माळवीत म्हणाले, ‘बाई, पावसाळ्यात तुमच्या मामाची ढोरं कुठे असायची?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मामाकडे वीसेक जनावरं होती. माळवी गाई, दोन बैलजोड्या, वासरं. आषाढ ते दिवाळी ती बिडात नव्हती. ती कुठे होती? रोज सकाळी वाड्याचं दार उघडायचं आणि मामी त्यांना गावाच्या कळपात सोडायची, हे मी स्वतः किती वेळा पाहिलं होतं. ती चरनोईवर होती. याच बांधाच्या या बाजूला. मामाचं बीड विश्रांती घेत होतं तेव्हा त्याची भूक चरनोई भागवत होती. गावात अशी सहा-सात बिडं होती आणि त्या सगळ्यांची गुरं त्या शंभर दिवसांत, नेमकी जेव्हा जायला नको होती तेव्हा, तिथे जात होती. आणि ज्यांच्याकडे बीड नव्हतं त्यांची तर बाराही महिने तिथेच.

माझ्या प्रबंधात हे एका ओळीतही नाही. मी दोन बाजूंची तुलना केली आणि दोन पद्धतींचा फरक म्हणून मांडली. वास्तविक त्या दोन पद्धती नव्हत्याच, एकाच पद्धतीचे दोन तुकडे होते. सॅम्पसनही एक भाग बंद ठेवायला सांगतो तेव्हा जनावरं दुसऱ्या भागात जातात. मेरिलचं चौथं कुरण झोपतं तेव्हा तीन कळप उरलेल्या तिनांत असतात. पण तिथे पाळी बदलते. आज राखलेला भाग उद्या भार उचलतो. आमच्या गावात पाळी कधी बदललीच नाही. बांध तिथेच राहिला. ‘ते सगळ्यांचं आहे म्हणून’ हे मामाचं उत्तर मी इतकी वर्षं उराशी धरलं, त्यात ‘आपलंही’ हा शब्द राहून गेला होता. मामा लबाड नव्हता. त्याला हे दिसलं नसावं. मला चौकट घेऊन बसूनही दिसलं नाही.

चरनोई आता पुष्कळ लहान झाली आहे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे चराई-सरपणासारख्या सामाईक गरजांसाठी, जमीन राखण्याची तरतूद आहे, आणि चरनोईची किमान मर्यादा शेतजमिनीच्या दोन टक्क्यांवर आलेली आहे. पूर्वी ती जास्त होती. राजस्थानातून दरवर्षी मेंढ्यांचे कळप घेऊन माळव्यात उतरणारे रबारी पूर्वी इथे दोन रात्री थांबायचे. आता त्यांना उभं राहायलाही जागा नाही, ते रस्त्याच्या कडेने पुढे सरकतात. मला त्यांची चराई नेहमीच सगळ्यांत निरोगी वाटत आली आहे. कोणत्याही कुंपणाशिवाय, पाऊस पाहून चालत राहणारी, आणि शेतात बसवलेल्या कळपाच्या लेंडीखताचा मोबदला घेणारी.

आणि तणमोर. आमच्याकडे त्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात विणीसाठी येणारा, गुडघाभर गवतात राहणारा हा पक्षी. नर गवताच्या वर उडी घेतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसातून शेकडो वेळा. त्याच्यासाठी १९८३ साली सरदारपूरला आणि रतलाम जिल्ह्यात सैलानाला अभयारण्यं झाली. २०२१ पासून तो जगाच्या अतिधोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. मी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून एकदा ती उडी पाहिली आहे. तो जमिनीवर घरटं करतो, श्रावण-भाद्रपदात. मामाचा विळा दिवाळीनंतर चालायचा, तोवर पिल्लं निघून गेलेली असायची. राखलेल्या दिवसांचा हा तिसरा हिशेब, ज्याची नोंद कुणी ठेवली नाही.

चरनोई नुसती बंद केली तर शेडा परत येईल का, हा प्रश्न मामेभावाने विचारला. मला हो म्हणावंसं वाटत होतं. पूर्वी शास्त्रही हो म्हणायचं: जनावरं काढा, रान आपोआप पायरी-पायरीने वर चढेल. १९८९ साली वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेअर यांनी ही शिडी मोडली. कोरड्या रानांत काही वेळा असा उंबरठा ओलांडला जातो की नुसत्या विश्रांतीने परतता येत नाही. बी संपलेलं असतं, वरची माती वाहून गेलेली असते, नवीन झुडपांनी जागा धरलेली असते. चरनोईत हरळी दाटेल, कुसळी येईल. शेडा कुठून येणार? त्याचं बी बांधाच्या पलीकडे आहे आणि वाऱ्याबरोबर फार लांब जात नाही.

सरळ चराईबंदीही मला मान्य नव्हती. हिवरेबाजारने मोकळी चराई बंद केली, गवत कापून नेण्याची रीत बसवली आणि गावाचं रूप पालटलं. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जिच्याकडे चार शेळ्या आहेत आणि ना शेत ना गोठा, तिला ‘कापून ने’ म्हणणं सोपं असतं, त्या बाईचा दिवस आधीच मजुरीत विकलेला असतो.

मग आम्ही दोघांनी रात्री कागदावर मांडणी केली. चरनोईचे तीन भाग. एका पावसाळ्यात एकच भाग बंद, मृगापासून दिवाळीपर्यंत, पुढच्या वर्षी दुसरा. मामेभावाची तीस जनावरं त्या दिवसांत चरनोईवर जाणार नाहीत. त्यातली दहा विकायची, उरलेली गोठ्यात आणि बिडाच्या एका तिसऱ्या हिश्श्यात. कारण तोंडं कमी केल्याशिवाय बाकी सगळं चित्रकलाच ठरेल. बिडातल्या शेड्याचं बी दिवाळीत झोडपून पोत्यात भरायचं, वर्षभर कोरडं ठेवायचं आणि बंद भागात पहिल्या पावसाआधी विखरायचं. ताजं बी नीट उगवत नाही, त्यालाही झोप हवी असते. कागद छान दिसत होता.

गेल्या वैशाखात गावात बैठक झाली, शाळेच्या ओसरीवर. मी मुद्दाम मागे बसले. मामेभावाने नीट, नम्रपणे मांडलं, आणि ‘आमचीही ढोरं तिथेच चरत आलीत’ हे त्याने सुरुवातीलाच म्हटलं तेव्हा माझे डोळे भरून आले. माना हलल्या. मग पदर डोक्यावर घेतलेली एक बाई उभी राहिली. तिच्या सात शेळ्या आहेत. तिने विचारलं, ‘भैया, तो तुकडा बंद झाला की माझ्या शेळ्या उरलेल्या दोन तुकड्यांत सगळ्या गावाच्या ढोरांबरोबर भांडणार. पावसात मी त्यांना काय घालू?’

त्याने सांगितलं की ज्या सतरा घरांकडे जमीन नाही, त्यांना गेल्या दिवाळीच्या गंजीतले पुळे देऊ, दर आठवड्याला.

ती म्हणाली, ‘पुळे आधी आणा. मग काटे लावा.’

बैठक तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॉलीच्या आवाजाने मला जाग आली. मामेभाऊ गंजीवर चढून पुळे खाली टाकत होता, गुराखी काका ते झेलून ट्रॉलीत रचत होते, आणि मामी ओट्यावर वही घेऊन बसली होती, एकेका घराच्या नावापुढे आकडा लिहीत.